आठ कोयत्यांचा विमा

उत्तरेश्वर मुकादमानं उभ्या आयुष्यात एकच विमा पाहिला होता, आणि तो गाईचा. विमेवाला यायचा, जनावराच्या कानाला पिवळा बिल्ला ठोकायचा, मालकाला शिंग धरून उभं करायचा, फोटो काढायचा आणि जायचा. जनावर मेलं तर कान कापून बिल्ल्यासकट हजर करायचा. बिल्ला नाही तर विमा नाही. त्यामुळं बीडच्या एका चार मजली दवाखान्यातल्या मेट्रन जानकीबाई जेव्हा त्याला म्हणाल्या, "मुकादम, तुमच्या माणसांचा विमा काढून आणा, त्याशिवाय मी एकालाही आत घेणार नाही," तेव्हा बिचाऱ्याच्या डोळ्यांपुढं काय आलं असेल ते मी सांगायला नको. त्यानं नकळत स्वतःच्या कानाच्या पाळीला हात लावून पाहिला.

पण थांबा, दवाखान्यात जायची एवढी घाई नको. आधी माणूस कोण, ते बघू.

मांजरसुंब्याच्या चौकातून केजच्या रस्त्याला लागलं की थोडं आत एक माळ आहे, आणि त्या माळावर एक वस्ती आहे. उत्तरेश्वर तिथला. धंदा ऊसतोडीच्या मुकादमाचा. म्हणजे दसरा झाला की गावोगावची माणसं गोळा करायची, ट्रकात घालायची, कारखान्याच्या उसाच्या फडात नेऊन उतरवायची आणि पाडव्याच्या सुमारास धडधाकट घरी आणायची. या धंद्यात माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायको. दोघं मिळून तोडणार, दोघं मिळून मोळ्या वाहणार, दोघं मिळून बांबू-पाचटाच्या कोपीत राहणार, आणि भांडायचं तेही दोघं मिळूनच. एकटाच कोणी आला तर त्याला म्हणतात अर्धा कोयता. अर्ध्या कोयत्याला ट्रकात सहसा कोणी जागा देत नाही.

उत्तरेश्वरही एके काळी पुरा कोयता होता. त्याची बायको वत्सलाबाई. ती मोळी अशी आवळायची की ट्रकाच्या टपावरून फेकली तरी सुटायची नाही. एका हंगामात ती फडातच तापानं फणफणली. दवाखाना लांब, गाडी भरायला लागलेली, त्यातून "उद्या नेऊ, उद्या नेऊ" असं सगळेच म्हणाले. ती गेली. पुढच्या दसऱ्याला उत्तरेश्वर कोयता घेऊन ट्रकापाशी उभा राहिला, तर त्या वेळचा मुकादम त्याच्याकडं बघून म्हणाला, "तुला नेऊन काय करू बाबा? अर्धा हायेस तू आता." वाईट मनानं बोलला नाही तो, हिशेबानं बोलला. पण ते बोलणं उत्तरेश्वरच्या काळजात रुतून बसलं. तो रडला नाही, भांडला नाही. तो स्वतःच मुकादम झाला, कारण फडात एकट्या माणसाला तेवढी एकच जागा असते.

मुकादम झाल्यावर त्यानं एक नेम धरला: आपल्या टोळीतला कोयता मोडू द्यायचा नाही. नवरा एका गावी आणि बायको दुसऱ्या गावी, असलं काम त्यानं कधी घेतलं नाही. कोणाचं वाजलं तर हा मध्ये जाऊन बसायचा आणि दोघांना एका ताटात जेवायला लावूनच उठायचा. लोक हसायचे. हसेनात का! वीस वर्षांत त्याचा कोयता मोडला नाही, आणि त्याचा शब्दही.

मग ते साल आलं. पालीच्या बिंदुसरा धरणात पोरांनी मधोमध क्रिकेटचे स्टंप रोवले, ते साल. ऊस उभ्या उभ्या वाळला, कारखान्यांची धुराडी पेटलीच नाहीत. जनावरं चारा छावणीत, माणसं टँकरच्या रांगेत, आणि मुकादम पारावर. टोळीतली माणसं रोज येऊन विचारायची, "मुकादम, औंदा कुठं?" हा म्हणायचा, "बघतो की." काय बघणार होता, कपाळ! पण त्यानं आठ जोड्यांना शब्द देऊन ठेवला होता की पाऊस पडंस्तोवर तुमच्या हाताला काम देईन. शब्द दिला म्हणजे दिला.

आणि काम निघालं कुठं, तर दवाखान्यात. टँकरचं पाणी पिऊन अर्धा तालुका पोट धरून बीडला येत होता. दवाखान्याला खाटा कमी पडत होत्या आणि माणसं त्याहून कमी. मावश्या आणि मामा पाहिजे होते; पेशंटला उचलायचं, पुसायचं, कुशीवर वळवायचं, चादर बदलायची. कोणीतरी उत्तरेश्वरला सांगितलं की मोठ्या शहरात अशी माणसं पुरवणाऱ्या एजन्सी असतात, डॉक्टर-नर्ससुद्धा पुरवतात.

"म्हंजी मुकादमच की बे!" उत्तरेश्वर म्हणाला.

आता, एजन्सी हा शब्द आपल्याकडं पचत नाही. आपल्याकडं चार माणसं एका झाडाखाली बसली की सहकारी संस्था होते. संस्था झाली की चेअरमन लागतो, आणि चेअरमन म्हटलं की मोहनराव. मोहनराव कारखान्याचे चेअरमन, दूध संघाचे चेअरमन, पतसंस्थेचे, छावणीचे, आणि स्मशानभूमी सुशोभीकरणाचेही तेच. त्यांना विचारावं लागत नाही. हार घेऊन गेलं की ते मान पुढं करतात. 'दुष्काळग्रस्त आरोग्यसेवक पुरवठा सहकारी संस्था मर्यादित' अशी पाटी रंगवली, मोहनराव चेअरमन झाले, उत्तरेश्वर सचिव झाला. संस्था कशाची आहे हे मोहनरावांनी विचारलं नाही. ते चहा पिऊन दुसऱ्या हाराला गेले.

तर अशी ही संस्था घेऊन उत्तरेश्वर जानकीबाईंसमोर उभा होता. जानकीबाई म्हणजे कडक बाई. पांढरी साडी, पायात पांढरी चप्पल, आणि दवाखान्याचे नियम तोंडपाठ. त्यांनी विचारलं, "तुमच्या माणसाच्या हातून पेशंट पडला, काही फुटलं, काही हरवलं, तर जबाबदार कोण?"

"मी."

"तुम्ही म्हणजे?"

"मी म्हंजी मी. जिम्मा माझा. वीस वर्सं झाली, माझ्या टोळीचं बरं-वाईट माझ्याच अंगावर हाय."

जानकीबाईंना माणूस आवडला. पण त्या म्हणाल्या, "मुकादम, माझा विश्वास आहे तुमच्यावर. पण दवाखान्याच्या कागदात विश्वासाला रकाना नाही. विमा आणा. आणि आठच माणसं लागतील मला."

उत्तरेश्वरला हे लई लागलं. माणूस समोर उभा राहून मी आहे म्हणतोय, तर त्याला म्हणायचं दुसऱ्या कोणाला तरी घेऊन ये! तो तसाच छावणीत गेला आणि विमेवाल्या बद्रीनाथला गाठलं. बद्रीनाथ भला माणूस, पण जन्मभर गाई-बकऱ्यांचेच विमे काढलेला. त्यानं कंपनीत फोन करून सगळं समजून घेतलं आणि सांगितलं, "मुकादम, असा विमा असतोय. धंद्याच्या जिम्म्याचा. तुमच्या माणसानं दुसऱ्याचं नुकसान केलं तर कंपनी भरून देती."

"आन कान?"

"कानाला हात लावायचा न्हाई."

"मंग कंपनीला कसं कळावं, की माणूस आपलाच हाय म्हणून?"

यावर बद्रीनाथही विचारात पडला. शेवटी दोघांनी मिळून तोड काढली: तेच पिवळे बिल्ले, पण दोरीत ओवून गळ्यात. फोटो काढायच्या वेळी प्रत्येक बाईशेजारी उत्तरेश्वर मालक म्हणून उभा राहिला. सवयीनं त्याचा हात शिंगाच्या जागी जायचा आणि अर्ध्यातून माघारी यायचा. सगळ्या फोटोत मुकादमाचा एक हात हवेत आहे.

"नावं सांगा," बद्रीनाथ म्हणाला. उत्तरेश्वरनं आठ बायकांची नावं सांगितली. पहिलं नाव बायनाबाईचं.

"आन ह्यांचे नवरे?"

"त्येंचं कावून लिवायचं? कोयता एकच असतोय. बायकोत नवरा आलाच की."

बद्रीनाथला काहीतरी खटकलं खरं. पण त्याची बस लागली होती.

ठरल्या दिवशी दवाखान्याच्या दारात ट्रक थांबला. मागचा फळका उघडला आणि बायका उतरल्या. जानकीबाईंनी बिल्ले बघितले, त्यांना ते ओळखपत्रासारखे वाटले, त्या खूश झाल्या. मग पुरुष उतरले. मग गाठोडी, चुली, कोप्यांचे बांबू, चटया, कोंबड्यांची डालगी, आणि सगळ्यांत शेवटी बायनाबाईची बकरी चंद्री. तिच्याही कानाला पिवळा बिल्ला होता.

"मुकादम! मी आठ माणसं मागितली होती!"

"आठच हायेत की. मोजा."

"हे सोळा आहेत!"

"आठ कोयते."

"मला कोयते नको आहेत, मला मावश्या पाहिजेत! अर्धी माणसं परत न्या."

उत्तरेश्वरचा चेहरा एकदम उतरला. तो हळू आवाजात म्हणाला, "तेवढं सोडून काय बी सांगा मॅडम. अर्धं करून न्यायची रीत न्हाई आमच्यात. पगार आठांचाच द्या. बाकीचे नुसते जोडीला ऱ्हातेल, भाईर."

वरच्या मजल्यावर घंटा वाजत होत्या आणि तीन पेशंट चादरीसाठी ओरडत होते. जानकीबाई म्हणाल्या, "बाहेर म्हणजे बाहेर. आत एकही पुरुष दिसता कामा नये." दुपारपर्यंत दवाखान्याच्या मागच्या मोकळ्या जागेत आठ कोप्या उभ्या राहिल्या. डॉक्टरांच्या गाड्यांखाली कोंबड्या सावलीला बसायला लागल्या.

काम मात्र बायकांनी असं केलं की बोलायचं काम नाही. उसाची मोळी उचललेली बाई, तिला पेशंटचं काय ओझं! बायनाबाई तर पेशंटला उठवता उठवता त्याच्या शेतीपासून सुनेपर्यंत सगळं विचारून घ्यायची. जानकीबाईसुद्धा एक दिवस बोलून गेल्या, की ही बाई मला कायमची पाहिजे. बायनाबाईनं ते कोपीत येऊन नवऱ्याला दहादा सांगितलं.

नवरा म्हणजे सटवा. मेंढरामागं हिंडण्यात लहानपण गेलेलं, पाय एका जागी ठरत नाहीत. त्याला नुसतं बसवेना. त्यात उत्तरेश्वरनं पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर हुकूम दिलेला: "दवाखान्याचं बोअर आटलंय, पाणी टँकरचं हाय. पेशंटच्या गिलासातलं, तांब्यातलं उरलेलं घोटभर पाणी बी मोरीत गेलं न्हाई पायजे. फाटकापाशी लिंब वाळायलाय, त्याला घाला, न्हाईतर चंद्रीला पाजा." हुकूम बायकांना होता. पण बायकांना सवड कुठली? सटवानं बादली उचलली आणि तो रोज सकाळी खोल्याखोल्यांतून उष्टं पाणी गोळा करत हिंडायला लागला. जानकीबाई त्याला बघायच्या आणि बघितलं नाही असं करायच्या. पाणी वाचत होतं, काय बोलणार!

आणि मग मोहनराव दवाखान्यात आले. एका छावणीचं उद्घाटन होतं. हाराला मान पुढं करता करता जरा जास्तच पुढं झाले आणि स्टेजवरून खाली आले. पायाचं हाड मोडलं. त्यांना वरच्या मजल्यावर स्वतंत्र खोली मिळाली. दोन दिवसांनी कारखान्याची सर्वसाधारण सभा होती, तिथं चेअरमनची निवड होती, आणि काहीही होवो, खुर्चीत बसून का होईना, मोहनराव भाषण करणारच होते.

मोहनरावांचे दात त्यांचे नव्हते. झोपताना कवळी काढून ते पाण्याच्या गिलासात ठेवायचे. सकाळी बायनाबाई धुतलेल्या चादरी आणायला खाली गेली. मोहनराव घोरत होते. सटवा बादली घेऊन आत आला. त्यानं टेबलावर गिलास पाहिला, जवळजवळ भरलेला. "ह्या मोठ्या माणसांना पाण्याची किंमतच न्हाई," असं तो मनात म्हणाला, आणि गिलास त्यानं बादलीत पालथा केला. खाली येऊन बादली चंद्रीपुढं ठेवली.

चंद्री पाणी प्याली. मग तोंडात काहीतरी कडाकडा चावायला लागली. सटवाला वाटलं, ऊस खाती वाटतं. मग त्याच्या डोक्यात उजेड पडला की औंदा ऊस कुठं आहे! त्यानं जबडा उघडला तेव्हा मोहनरावांची वरची पंगत निम्मी उरली होती. खालची बादलीत तशीच होती, पण एकट्या खालच्या दातांचं करता काय?

वरच्या मजल्यावर हाहाकार उडाला. "माफे दाफ! माफे दाफ कुठायफ!" मोहनरावांचा पीए दारापाशी वही घेऊन उभा होता. मोहनरावांनी त्याला तिथल्या तिथं पत्र सांगितलं, आरोग्यसेवक संस्थेच्या चेअरमनच्या नावानं, कडक भाषेत, नुकसानभरपाईसह. पीएनं इमानानं ते पाकिटात घातलं, आणि संस्थेचे चेअरमन कुठं भेटतात याची चौकशी करून संध्याकाळी त्याच खोलीत आणून दिलं. मोहनरावांनी पाकीट फोडलं, वाचलं आणि आणखीच भडकले. चेअरमनला असं लिहायची या माणसाची हिंमत कशी झाली, म्हणून.

जानकीबाईंनी नियम सांगितला. ज्यानं केलं त्याचं नाव पुढं आलं पाहिजे, आणि तो माणूस पुन्हा या दवाखान्यात पाऊल टाकणार नाही. विमा कंपनीचा सर्व्हेअर दुसऱ्या दिवशी औरंगाबादहून येणार होता. बद्रीनाथनं उत्तरेश्वरला लिंबाखाली गाठलं.

"मुकादम, सटवाचं नाव तोंडातून काढू नका. विम्यात नसलेला माणूस खोलीत गेला म्हणल्यावर कंपनी हात वर करती, आन दवाखाना आठीच्या आठी कोयते भाईर घालतोय."

"मंग?"

"बायनाबाईनं केलं म्हणा. ती विम्यात हाय. कंपनी भरंल, संस्था वाचंल. फकस्त बायनाबाईला काढत्याल."

"आन तिला पुन्ना कोन घेईल? बीडात, लातुरात, कुठल्या दवाखान्यात?"

बद्रीनाथ रडकुंडीला येऊन म्हणाला, "मी तरी काय करू? बकरीचा विमा हाय, बायकोचा हाय, नेमका नवऱ्याचाच न्हाई!"

तेवढ्यात बायनाबाई आणि सटवा दोघंही आले, भांडतच. "माझं नाव घ्या मुकादम, खोली माझी हाय," बायनाबाई म्हणाली. "गप बस. पाणी म्या वतलं, माझं नाव घ्या," सटवा म्हणाला. "तुझं घेऊन सगळ्यांच्या पोटावर पाय देतोस व्हय?" "आन तुला घालवून मी हितं चादरी बघत बसू?" उत्तरेश्वर ऐकत होता. पोटासाठी भांडणारी जोडपी त्यानं शंभर पाहिली होती. एकमेकांची चूक आपल्या अंगावर ओढून घ्यायला भांडणारं जोडपं तो पहिल्यांदाच बघत होता, आणि त्याला वत्सलाबाईची आठवण आली. "जावा, कामं करा," एवढंच तो म्हणाला.

सर्व्हेअर साहेब आले. शहरी माणूस, हातात बॅग, घामानं निथळत. मोहनरावांच्या खोलीत सगळे जमले. साहेब म्हणाले, "नुकसान झालेली वस्तू दाखवा."

बद्रीनाथला गाईच्या विम्याची सवय. त्यानं अर्धी कवळी दाखवली, आणि उरलेल्या अर्ध्या कवळीसाठी चंद्रीला लिफ्टमधून वर आणली. सर्व्हेअर साहेबांनीही सवयीनं तिचा कान धरून बिल्ला तपासला. "बिल्ला बरोबर आहे. हिचा दावा आहे का?"

"न्हाई साहेब, ही जित्ती हाय."

"मग पेशंटच्या दातांचं कोणी केलं हे?"

बायनाबाई एक पाऊल पुढं आली. सटवाही आला. त्या दोघांच्या मध्ये उत्तरेश्वर शिरला, वीस वर्षं शिरत आला होता तसा.

"मी केलं," तो म्हणाला.

"मुकादम, तुम्ही तर फाटकाबाहेर होता," जानकीबाई बोलून गेल्या.

"असंल. पर हुकूम माझा होता. पाणी मोरीत जाऊ देऊ नका, असं मीच सांगितलतं. ह्येंनी हुकूम पाळला. हुकूम पाळणाराची चूक धरता व्हय मॅडम? तुमी पयल्या दिवशी इचारलं तवा बी सांगितलतं, जिम्मा माझा. तुमी म्हणला, त्याला रकाना न्हाई."

जानकीबाईंनी मान खाली घातली.

"तुम्ही कोण?" सर्व्हेअर साहेबांनी विचारलं. "यांच्यापैकी कोणाचे नवरे?"

"कुणाचा न्हाई. मी अर्धा कोयता हाय."

साहेबांना ते कळलं नाही. बद्रीनाथनं घाईघाईनं सांगितलं, "सचिव, साहेब. संस्थेचे सचिव." साहेबांचा चेहरा खुलला. सचिवाची चूक विम्यात बसत होती. "झालं तर मग! दावा मंजूर व्हायला हरकत नाही. फक्त संस्थेच्या चेअरमनची सही लागेल. कुठं आहेत चेअरमन?"

खोलीतल्या सगळ्यांनी खाटेकडं बघितलं. मोहनरावांनी हात वर केला. "मीफ."

"आणि दावा करणारे?"

"मीफ."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "स्वतःच्याच संस्थेवर स्वतः दावा करता येत नाही, मोहनराव. चेअरमनपदाचा राजीनामा द्या, दातांचा दावा लगेच पुढं जाईल."

मोहनरावांनी आयुष्यात पुष्कळांचे राजीनामे घेतले होते, स्वतः एकही दिला नव्हता. बद्रीनाथ मोहनरावांना हळूच म्हणाला, "साहेब, लहानशी संस्था हाय. सोडून द्या." मोहनरावांनी त्याच्याकडं असं बघितलं की तो चंद्रीच्या मागं सरकला. मग मोहनराव बोलले, आणि दात नसतानाही प्रत्येक शब्द सगळ्यांना स्वच्छ कळला.

"दात राहू द्या."

दावा तिथंच मिटला. मोहनराव चाकाच्या खुर्चीतून सभेला गेले, दातांशिवाय तासभर बोलले. एक शब्द कोणाला कळला नाही, त्यामुळं कोणाला प्रश्नही विचारता आला नाही, आणि ते बिनविरोध निवडून आले. पुढं म्हणे त्यांनी नवी कवळी करून घेतली, पण सभेला जाताना घरी ठेवायला लागले.

विमा कंपनीनं काही भरलं नाही, मोहनरावांनी काही सोडलं नाही. भरलं ते मुकादमानं, आणि तेही पैशानं नाही. जानकीबाई स्वतः फाटकापर्यंत आल्या. "मुकादम, कबुली दिलेल्या माणसाला आत घेता येत नाही. नियम माझाच आहे." त्यांनी पदरानं डोळे टिपले. उत्तरेश्वर म्हणाला, "मंग कावून रडता? चांगला नियम हाय. माझे आठ कोयते आत ऱ्हातेल ना?" त्या म्हणाल्या, राहतील. आणि त्याच आठवड्यात बद्रीनाथनं आणखी आठ बिल्ले आणले आणि आठ नवरे विम्यात घातले. सटवा आता हक्कानं बादली घेऊन हिंडायला लागला, प्रत्येक गिलासात आधी बोट घालून.

उत्तरेश्वर फाटकाबाहेर लिंबाखाली बसायला लागला, चंद्रीशेजारी. सकाळी आठही जोड्या आधी त्याच्यापुढं हजेरी द्यायच्या, मग आत जायच्या. लिंबाला पालवी फुटली. बायनाबाई कधी म्हणायची, "मुकादम, या की आत, पंख्याखाली बसा घटकाभर. कोन बघतंय?" तो म्हणायचा, "मी बघतोय की."

मे महिन्यात त्यालाच ताप भरला. टँकरचंच पाणी, दुसरं काय. दोन दिवस त्यानं कोणाला कळू दिलं नाही. तिसऱ्या दिवशी भर दुपारी सटवानं त्याला हात लावला आणि बोंब मारली. जानकीबाई धावत आल्या, मागं स्ट्रेचर. "मुकादम, आत चला."

"न्हाई."

"अहो, नियम गेला खड्ड्यात! मी सांगते आहे, चला."

"न्हाई मॅडम," तो तापातच म्हणाला. "मी आत आलो तर कबुली खोटी ठरंल. मंग कुनीतरी इचारंल, खरं कुनी केलतं. बायनाबाईचं नाव निघंल, न्हाईतर सटवाचं. नगं."

"तुमची बायको तापानं गेली होती ना?" जानकीबाई एकदम म्हणाल्या. बायनाबाईनं सांगितलं असणार. "दवाखाना लांब होता म्हणून? आणि आता दवाखाना समोर आहे, तर तुम्ही..."

जानकीबाईंनी पदर खोचला, आणि तीस वर्षांच्या नोकरीत जे कधी केलं नाही ते केलं. दवाखानाच बाहेर आणला. सलाईनची बाटली लिंबाच्या फांदीला टांगली, खाट सावलीत टाकली, मोठे डॉक्टर रस्त्यावर बसून तपासून गेले. येणारी-जाणारी माणसं बघत उभी राहायची, कोणी नमस्कारही करायचं. आठ बायका आणि आठ पुरुष पाळीपाळीनं त्याच्या उशाशी बसायचे, आणि पाळी नसलेलेही तिथंच बसायचे.

ताप उतरला त्या सकाळी बाटलीत तळाला थोडं उरलं होतं. सटवानं बाटली काढली आणि सवयीनं बादलीकडं वळला.

"थांब बे," उत्तरेश्वर म्हणाला. आवाज अजून खोल होता. त्यानं बाटली हातात घेतली, उन्हाकडं धरली आणि डोळे बारीक करून आत बघितलं.

"काय हाय का मुकादम?" बायनाबाईनं विचारलं.

"न्हाई, कुनाचं काय न्हाई," तो म्हणाला. "घाल लिंबाला."